पाहुणी माती

आमचा शिगेकी गेल्या रविवारपासून माझ्याशी गोड बोलतोय, हीच माझी तक्रार आहे. आईच्या खोलीचं दार सरकवताना ज्याला साधं खोकायचंही कधी सुचलं नाही, तो आता दाराबाहेर गुडघे टेकून 'आई, येऊ का' विचारतो. चहा गार झाला का, स्टोव्ह वाढवू का, कंबर कशी आहे. दिवसभर मोठ्या दुकानात उभा राहून फ्रीज विकणारा माणूस. गिऱ्हाइकाशी बोलायची मऊ जीभ तो दुकानातच ठेवून घरी यायचा, आता सोबत घेऊन येतो. आणि बोलताना बघतो कुठे, तर माझ्या खांद्यामागच्या भिंतीवर. याचे वडीलही असेच. खरं बोलायचं असलं की आमचे हे ओरडायचे, आणि खोटं बोलायचं असलं की माझे पाय चेपून द्यायचे. संसारात माझे पाय फार वेळा चेपले गेले असं नाही, पण जेव्हा चेपले गेले तेव्हा मी डोळे मिटून मनात म्हणायचे, आज काय लपवलंय देव जाणे.

रविवारी तो कोतोबुकीला जाऊन आला. कोतोबुकी ही आमची जुनी वस्ती, नावाचा अर्थ मंगल. दलदलीला असलं नाव ठेवणारी आम्हीच. आमची तिथली जमिनीची शेवटची पट्टी एका दूधवाल्या मोठ्या गोठ्याने घेतली, तेव्हा घराच्या मागे पुरलेली बरणी काढून आणणं भाग होतं. त्या बरणीत माझी सायो. शिगेकीची थोरली बहीण, त्याने कधी न पाहिलेली, वस्तीच्या पहिल्याच हिवाळ्यात गेलेली. तो संध्याकाळी आला तो पांढऱ्या कापडात बांधलेलं नवं कोरं अस्थींचं मडकं घेऊन. जुनी बरणी तडकली होती म्हणे, म्हणून स्टेशनाजवळच्या दुकानातून हे घेतलं. सुनेनं, हारुएनं, टीव्हीशेजारच्या कपाटावरची कुंडी हलवून जागा केली. 'सायोताई घरी आली,' असं शिगेकी भिंतीला म्हणाला. भुयारी रेल्वेच्या स्टेशनापाशी देवळाने एक इमारत बांधलीय, तिच्यात अस्थी ठेवायचे कप्पे आहेत, प्रत्येकाला चावी आणि आत दिवा. तिथे आपल्या घराचा एक कप्पा घेतलाय. उद्या पुरोहित येतील, सायोला आत ठेवतील, आणि मी समोर बसून हात जोडायचे. पुढे तुम्हीही तिथेच, आई, असं हारुए म्हणाली, म्हणजे बरं मनानेच म्हणाली, पण नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं की बिचारी कुंडी घेऊन बाल्कनीत गेली. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आठवडाभर ही दोघं माझ्या तोंडाकडे बघतायत.

आज सकाळी ती दोघं बाहेर गेल्यावर मी कपाट पुसत होते. पुसताना मडकं जरा कललं आणि आतून खडखडलं. मी फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिले. हाडं अशी वाजत नाहीत. टोकियोतलं आमचं होन्जो बॉम्बने जळालं त्या मार्चमध्ये मी माझ्या आईची हाडं चिमट्यासारख्या काड्यांनी वेचलीत, वेचून मडक्यात टाकलीत, तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. हाडं हलकी वाजतात, वाळक्या शिंपल्यांसारखी, जशी काही बोलायला लाजतायत. हे वाजलं ते सोंगट्यांच्या डब्यासारखं वाजलं, जड आणि निर्लज्ज. मी मडकं सरळ केलं, फडकं वाळत टाकलं आणि खिडकीशी बसले. सहाव्या मजल्यावरून सापोरो दिसतं तेवढं दिसतं. खाली बर्फकिडे उडायला लागलेत, पिंजलेल्या कापसासारखे, म्हणजे आठ-दहा दिवसांत बर्फ पडणार. त्या पहिल्या वर्षी आम्हाला कुणी हे सांगितलं नव्हतं. आम्ही सगळी टोकियोची माणसं, किडे बघून म्हणालो, अय्या किती सुंदर, आणि सायोने ओंजळीत एक धरून ठेवला, तर तो हाताच्या उबेनेच मेला.

आम्हाला कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. घरं जळाली होती, खायला नव्हतं, भिंतीवर कागद लागला होता: उत्तरेला चला, जमीन मिळेल, घर मिळेल, घोडा मिळेल. ह्यांचा धंदा तातामी विणायचा, गवताच्या चटया. चटया ज्यावर घालायच्या ती घरंच उरली नव्हती. शेजारचा छत्रीवाला आणि त्याची बायको ओकिनु, एक तोफूवाला, एक खेळणी रंगवणारा, एक न्हावी, अशी आमची शेतकऱ्यांची फौज. स्टेशनापासून गाडीवाल्याने आम्हाला डोक्याइतक्या उंच वेळूगवतात नेऊन सोडलं आणि म्हणाला, हे तुमचं गाव. मी विचारलं, कुठे? तो म्हणाला, तुम्ही उभ्या आहात तिथे. घर नव्हतं, घोडा नव्हता, आणि जमीन म्हणाल तर तीही नव्हती. हजारो वर्षं सडलेलं गवत एकावर एक साचून झालेली ती काळी गादी, पाय आपटला तर शेजारणीच्या चुलीवरची किटली थरथरायची. ओकिनु हातात घेऊन म्हणाली, ही माती कसली, ही तर उकळून टाकलेली चहापत्ती. पाणीही चहाच्याच रंगाचं. दुसऱ्या महिन्यात आमचे कपडे, नखं, दात सगळं त्या रंगाचं झालं. फक्त आमचे हे खूश. एवढं गवत त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. कंबरेला तातामीची जाड, टोकाशी वाकलेली सुई खोचून फिरत होते आणि मला सांगत होते, तोमे, इथे आपण चटया विणू, सगळ्या उत्तरेला पुरतील. मी म्हटलं, आधी झोपायला एक विणा. विणली त्यांनी. छप्परही त्याच गवताचं, दोन बाजू एकमेकींना टेकलेल्या, हात जोडल्यासारखी झोपडी. माझी पोर त्या झोपडीत शिरताना रोज खरंच हात जोडायची, तिला वाटलं देऊळ आहे.

शरदात आम्ही एक गोष्ट केली, जी फक्त शहरातलीच माणसं करतील. गवत कापून कापून हात सोलले, तेव्हा तोफूवाला म्हणाला, पेटवून देऊ. पेटवलं. गवत एका दुपारी जळालं, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. पण आग विझेना. ज्वाळा दिसत नव्हती, धूर मात्र यायचा, आज इथून, उद्या तिथून, जमिनीच्या आतून. खालची ती चहापत्ती पेटली होती. जुने वस्तीवाले पलीकडच्या काठावरून बघायला यायचे, जत्रेला आल्यासारखे. एक म्हातारा म्हणाला, लढाईत टोकियो जळालं ते पुरलं नाही वाटतं यांना, सोबत आग घेऊन आलेत. पाऊस पडेपर्यंत ती जमीन जळत राहिली, आणि धुराने सायोला खोकला धरला. तो खोकला बर्फ पडल्यावरही गेला नाही. आम्ही सगळा हिवाळा भोपळा खाल्ला, तळहात पिवळे झाले, सायो आपले पिवळे हात दाखवून म्हणायची, आई, मी सोन्याची झाले. रात्री गवताच्या फटींतून भुरभुर बर्फ आत यायचा आणि सकाळी पांघरुणावर साचलेला असायचा. मी तो आधी तिच्या अंगावरून झटकायचे, मग माझ्या. एका सकाळी झटकला, तर तिच्या तोंडावरचा बर्फ वितळलेला नव्हता.

मी रडले का नाही, आठवत नाही. आठवतं ते एवढंच की तिला ठेवायला जागा नव्हती. जाळायला लाकूड नव्हतं, जे होतं ते ओलं. आणि खणायला जावं तर दोन हात खाली पाणी लागायचं, काळंशार. तशा पाण्यात कुणी आपलं लेकरू ठेवतं का? वस्तीत कोरडी जागा एकच, पश्चिमेचं कोल्ह्याचं टेकाड. कोल्हे तिथे पिल्लं घालायचे म्हणून ते नाव. वर खरी माती होती, पिवळसर, रवाळ, हातात घेतली तर माती वाटायची. ह्यांनी सफरचंदांच्या खोक्याची पेटी केली. मेल्या माणसाच्या छातीवर पातं ठेवावं लागतं, वाईट जवळ येऊ नये म्हणून, आणि आमच्याकडे धड सुरीही नव्हती, एकच होती ती भोपळ्याला लागायची. ह्यांनी कंबरेची सुई काढली आणि सायोच्या छातीवर ठेवली. त्यानंतर त्यांनी चटई विणली नाही. त्या हिवाळ्यात न्हाव्याची आई, तोफूवाल्याची जुळी, अशी बरीच जणं टेकाडावर गेली. ओकिनु म्हणायची, वस्तीत नीट घरं पहिल्यांदा मेलेल्यांनाच मिळाली.

खिडकीशी बसून मला आता ते टेकाड दिसत नाही. डोळे मिटले की वेळू दिसतो, धूर दिसतो, घोड्याच्या खुरांना बांधलेल्या लाकडी फळ्या दिसतात, नाहीतर जनावर गादीत रुतून बसायचं. टेकाड मात्र येत नाही. कारण नंतर ते नव्हतंच. सहा-सात वर्षं बटाटे आणि ओट काढून आम्हाला कळून चुकलं होतं की या चहापत्तीत भात होणार नाही, आणि जपानी माणसाला भात न पिकणारी जमीन जमीन वाटत नाही. मग युक्ती कळली. दुसरीकडची माती आणून वर पसरायची. पाहुणी माती म्हणायचे तिला. हिवाळ्यात सगळं गोठलं की घोड्याच्या घसरगाडीवर भरायची, शेतात ढीग घालायचे, वसंतात बर्फ गेला की पसरायची. सगळीकडचे लोक हेच करत होते. पण दुसरीकडचे लोक डोंगरातून आणत. आमच्याजवळ डोंगर नव्हता. आमच्याजवळ कोल्ह्याचं टेकाड होतं.

सभा झाली. तोवर आमचे हे वस्तीचे प्रमुख झाले होते, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. ठरलं असं की ज्याची ज्याची माणसं वर आहेत त्याने बर्फाआधी काढून घ्यावीत. लाकडी पाट्या केव्हाच कुजल्या होत्या. कुणाचं कोण कुठे, हे वास घेऊन तर कळणार नाही. मी गेले असते. मी माझी पोर पायाने शोधून काढली असती, असं तेव्हा वाटायचं. पण शिगेकी पोटात होता, आठवा महिना, आणि पोटुशी बाई थडग्याजवळ गेली तर मेलेलं जिवंताचा हात धरतं, असं ओकिनुने सांगितलं, सासूने टोकियोत सांगितलं होतं, माझ्या आईनेही. ज्या बाया देवाची निंदा करायच्या त्याही हे मानायच्या. मी दारात उभी राहिले. हे कुदळ घेऊन एकटेच गेले, आणि अंधार पडताना लोणच्याची बरणी कापडात गुंडाळून आले. म्हणाले, आणली. घरामागे, ओलावा कमी तिथे, पुरली. त्या दिवशी त्यांनी माझे सुजलेले पाय चेपून दिले. मी डोळे मिटून घेतले, पण मनात काही म्हटलं नाही. बाळंतपण जवळ आलं की बाई नवऱ्यावर विश्वास ठेवते, दुसरं करणार काय?

शिगेकी झाला. त्यानंतरचे दोन हिवाळे त्याला पाठीला बांधून मी घसरगाडीबरोबर चालले. टेकाड रोज थोडं थोडं बसत गेलं, भाकरी संपत जावी तसं. माणसं खोदताना मुद्दाम मोठ्याने गाणी म्हणायची, म्हणजे फावड्याला काय लागलं ते ऐकू येऊ नये. लाकडाचा तुकडा आला तर कुणी बोलत नसे. पांढरे गोटे मात्र फार यायचे, टेकाडाच्या पोटात तेच भरले होते, आम्ही ते वेचून बांधावर टाकायचो. मी रोज सकाळी घरामागे बरणीवर पाणी घालायचे आणि मग जाऊन टेकाड वाहायचे. माझं मन शांत होतं. माझी पोर घरी होती ना! दुसऱ्यांच्या, न सापडता वरच राहिलेल्या पोरांचं मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर वाईट वाटताना आत कुठेतरी थोडी शान होती.

मग भाताची पहिली लावणी. पाण्यात वाकून रोपं लावत होते. खालची काळी गादी मऊ, वरची पाहुणी माती रवाळ, बोटांना दोन्ही कळायच्या. घराच्या बाजूच्या खाचरात तिसऱ्या ओळीत तळहातात काहीतरी घुसलं. मला वाटलं वेळूची धस. उपसून पाहिलं तर सुई. गंजली होती, पण तशी जाड, तशी टोकाशी वाकलेली सुई अख्ख्या उत्तरेत एकच होती. माझ्या हातातून रक्त पाण्यात पडत होतं आणि पाण्याला काही फरक पडत नव्हता. पलीकडे बांधावर हे उभे होते, शिगेकीला खांद्यावर घेऊन. त्याला सांगत होते, बघ, आईनं केवढी रांग लावली. मी सुई कंबरपट्ट्यात खोचली आणि पुढचं रोप लावलं.

मी त्यांना विचारलं नाही. हारुएला हे सांगितलं तर ती म्हणेल, का नाही विचारलं आई, बोलायला हवं होतं. या मुलींना वाटतं बोललं की संपतं. मी विचारलं असतं तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मग ते उत्तर घेऊन मला त्यांच्याबरोबर त्याच घरात झोपावं लागलं असतं. त्यांनी खणलं असणार, सापडलं नसणार, पोरांची हाडं कोवळी असतात, मुळं पिऊन टाकतात. म्हणून काहीतरी भरून आणलं. आणि मला पुढची वीस वर्षं त्या बरणीवर पाणी घालायला लावलं. मी घातलं. रोज. ते बघायचे म्हणून घातलं. नवरा बायकोला दया दाखवतो तेव्हा बायकोने ती पोटभर खाल्ली पाहिजे, नाहीतर घर चालत नाही.

त्या शरदात भात आला. ओकिनु रडली, तोफूवाला नाचला. ह्यांनी पहिली वाटी पितरांच्या देव्हाऱ्यात ठेवली, मग दुसरी भरली आणि शिगेकीला मांडीवर घेतलं. मी समोर बसून बघत होते. पांढरा, चिकट, वाफाळता. ज्याला आम्ही टोकियोत विसरलो होतो तो वास. माझी वाटी माझ्यापुढे होती. सगळी वस्ती त्या दिवशी जेवत होती, आणि सगळ्यांची माणसं त्या मातीत होती, आणि ऐकू येत होता तो फक्त चावण्याचा आवाज. मीही खाल्ला. चांगला होता. हेच मला आजपर्यंत गिळता आलेलं नाही, की तो चांगला होता.

आणि पुढे काय झालं? पुढे काही झालं नाही. शेतं चांगली व्हायला लागली, तेवढ्यात सरकारचा निरोप आला की देशात तांदूळ फार झालाय, आता लावू नका, पडीक ठेवा म्हणजे भरपाई देतो. लावा म्हणणारेही तेच होते. पाणी काढलेली ती गादी वाळून वाळून बसायला लागली, जमीन खाली गेली, घरांचे खांब उघडे पडले, दारात चढायला पेट्या ठेवाव्या लागायच्या. पाहुणी मातीही खाली खाली जात राहिली. न्हावी गेला, तोफूवाला गेला, ओकिनु दवाखान्यात मेली आणि मरताना म्हणाली, तोमे, मला टेकाडावर ने. मी म्हटलं, नेते हो. शाळेत दोन पोरं उरली तेव्हा शाळा बंद झाली. आम्ही सापोरोला आलो, आणि हे इथे सहाव्या मजल्यावर मेले. शिगेकी सांगतो, आता तिथे परत वेळू आहे, डोक्याइतका उंच. म्हणजे आम्ही गेलो नव्हतोच असं धरायला हरकत नाही.

दुपारी मी उठले, मडकं माझ्या खोलीतल्या टेबलावर आणलं आणि कापड सोडलं. झाकण काढलं. पांढरे गोटे. टेकाडाच्या पोटातलेच, मी हजारो वेचले, मी ओळखणार नाही तर कोण. बोटाच्या पेराएवढे, निवडून घेतलेले, म्हणजे कुदळ खाली ठेवून त्या माणसाने गुडघ्यावर बसून ते एकेक निवडले असणार, हाडांसारखे दिसतील असे. इतक्या वर्षांनी मला त्यांची पाठ दिसली, वाकलेली, आणि थोडं भरून आलं. मग मी एक गोटा हातात घेतला आणि तेही गेलं. गोट्याला मातीचा कणही नव्हता. रविवारी संध्याकाळी शिगेकी न्हाणीघरात कितीतरी वेळ नळ सोडून बसला होता, हारुए बाहेरून विचारत होती, अहो, एवढं काय धुताय? तेव्हा हे धुतले. साबणाने धुतले. वास येत होता, आमच्या आंघोळीच्या साबणाचा.

मी शिवणाच्या डब्यातून खाचरात सापडलेली ती सुई काढली आणि वाट बघत बसले. शनिवारी तो लवकर येतो. आला, बूट काढले, माझ्या दाराबाहेर गुडघे टेकले आणि म्हणाला, "आई, येऊ का? उद्याचं पुरोहितांना कळवायचं होतं." मग त्याने टेबलावरचं उघडं मडकं पाहिलं, आणि त्याची ती दुकानातली जीभ गेली. हारुए त्याच्या मागे पिशवी घेऊन उभी राहिली.

मी त्याला हात पुढे करायला सांगितला. तळहातावर सुई ठेवली. ती कुठे ठेवली होती आणि मला कुठे सापडली, ते सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. त्याने सुईकडे पाहिलं, मग आठवड्यात पहिल्यांदा माझ्याकडे.

"बाबांनी जाताना मला सांगितलं होतं," तो म्हणाला. "म्हणाले, बरणीत गोटे आहेत, तिला कळू देऊ नकोस. मला वाटलं, तुझ्यासाठी निदान एवढं..."

बापाने मुलाला सांगितलं, मुलाने सांभाळलं, आणि मी दोघांसाठी पाणी घालत राहिले. एका घरात तिघं जणं एकच गोटा एकमेकांपासून लपवत होती. मला हसू आलं असतं, पण त्याने आता सुई दोन्ही हातांत धरली होती, जपून, टोचणार नाही अशी.

"उद्या मी येणार नाही," मी म्हटलं. "सायो भातात गेली. तो भात मी रांधला, तुझ्या बापाने पहिला घास तुला भरवला, आणि दुसरा मी खाल्ला. या मडक्यात कुणी नाही, कोतोबुकीत कुणी नाही, आणि मी मेले की ती होती असं म्हणायलाही कुणी नाही. त्याने मला गोटे दिले, शिगेकी, आणि तू तेच धुऊन दिलेस. बापापेक्षा चांगला नाहीस तू. फक्त स्वच्छ आहेस."